अवतरणचिन्हांतील प्रदेश : वऱ्हाडचा वाद, बुलढाणा जिल्हा आणि 'वैदर्भीय साहित्य' ही संकल्पना

१

मराठी समीक्षेत 'वैदर्भीय साहित्य' ही संज्ञा दीर्घकाळ रूढ आहे. वाङ्मयेतिहासातील प्रकरणे, विद्यापीठीय अभ्यासपत्रिका, पीएच.डी.साठी सादर होणारे प्रबंध आणि साहित्यसंस्थांचे गौरवग्रंथ यांतून ती निःशंकपणे वावरत असते. तिचा वापर मात्र दोन भिन्न अर्थांनी होतो. एका अर्थाने ती लेखकाचा जन्म किंवा वास्तव्य कोठे झाले एवढेच सांगते. दुसऱ्या अर्थाने ती साहित्यकृतींच्या अंगच्या एखाद्या समान गुणाचा, जाणिवेचा किंवा भाषारूपाचा निर्देश करते. पहिला अर्थ निरुपद्रवी आहे. दुसरा सिद्ध करावा लागतो. प्रत्यक्षात पहिल्या अर्थाने संकलित केलेली नामावली पुढे ठेवून दुसरा अर्थ गृहीत धरला जातो आणि हे स्थित्यंतर कोठे घडले हे वाचकाच्या लक्षातही येत नाही.

हे स्थित्यंतर केवळ तार्किक शैथिल्यातून झालेले नाही. विदर्भ, आणि त्यातही वऱ्हाड, हा प्रदीर्घ काळ वादाचा विषय राहिलेला प्रदेश आहे. त्याच्यावर सत्ता कोणाची, तो कोणत्या प्रांतात असावा, त्याचे स्वतंत्र राज्य व्हावे की नाही, हे प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत वेगवेगळ्या रूपांत विचारले गेले. वादग्रस्त प्रदेशाला आपल्या एकात्मतेचा पुरावा लागतो आणि अशा वेळी साहित्याला साक्षीदार म्हणून पाचारण केले जाते. संयुक्त महाराष्ट्राचे पुरस्कर्ते भाषेच्या एकतेची साक्ष काढतात. वेगळ्या विदर्भाचे समर्थक प्रदेशाच्या पृथगात्म अस्मितेची. साक्षीचा तपशील निराळा असला तरी साहित्याकडून असलेली अपेक्षा एकच आहे.

या मागणीचे राजकीय वा आर्थिक औचित्य ठरविणे हे समीक्षेचे काम नाही आणि प्रस्तुत लेखाचाही तो उद्देश नाही. ही साक्ष घेताना समीक्षेने साहित्यकृतींचे काय केले, एवढाच येथे विचार आहे. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्याची निवड हेतुतः केली आहे. विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेला हा जिल्हा एकीकडे खानदेशाला, दुसरीकडे मराठवाड्याला आणि उत्तरेला मध्य प्रदेशाला भिडतो. प्रदेश म्हणजे काय, हा प्रश्न प्रदेशाच्या केंद्रात सहसा पडत नाही. तो काठावर पडतो.

२

वऱ्हाडच्या वादाच्या आरंभीच्या संहिता म्हणजे वस्तुतः कर्जव्यवहाराचे दस्तऐवज आहेत. हैदराबादच्या तैनाती फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. १८६० मध्ये तहाची फेररचना झाली. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने देण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. १९३६च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य करण्यात आले. त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, कारभार मात्र नागपूरहूनच चालू राहिला. या सर्व संहितांत वऱ्हाड हे व्याकरणदृष्ट्या नेहमी कर्मस्थानी आहे. तो दिला जातो, ठेवला जातो, जोडला जातो. तेथे राहणारा माणूस या वाक्यांत कोठेच बोलत नाही.

दुसऱ्या टप्प्यात संहितेचा प्रकार बदलतो. गहाणखताची जागा ठराव, करार आणि अहवाल घेतात. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १ ऑक्टोबर १९३८ रोजी वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव संमत केला. ८ ऑगस्ट १९४७च्या अकोला कराराने एका प्रांतात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत कल्पिले आणि ते न जमल्यास महाविदर्भाचा पर्याय खुला ठेवला. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने निधी, नोकऱ्या व शिक्षणसंस्थांतील प्रवेश यांत न्याय्य वाटा आणि विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात भरविण्याचे आश्वासन दिले. १९५५ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने बुलढाण्यासह आठ मराठी जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या टप्प्यातील संहितांत प्रदेश कर्ता झालेला दिसतो: 'विदर्भ' मागतो, 'विदर्भ' नाकारतो. तथापि हा कर्ता एकसंध आहे हे प्रत्येक संहितेला गृहीत धरावेच लागते, कारण एरव्ही कराराला दुसरा पक्षच उरत नाही.

वास्तवात हा कर्ताच संयुक्त आहे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. तेथे मालगुजारी पद्धती रुजली. वऱ्हाड निजामाच्या नावावर राहिला आणि तेथे रयतवारी आली. जमिनीशी असलेले नाते, सत्तेचे केंद्र, व्यापाराच्या वाटा, या सर्वच बाबतींत दोन्ही भागांचा इतिहास निराळा आहे. वेगळ्या विदर्भाच्या मागणीला मिळणारा प्रादेशिक पाठिंबा कधीच सर्वत्र सारखा नव्हता, याचे एक कारण येथे आहे. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे किंवा अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे वऱ्हाडातील नेते या मागणीच्या अग्रभागी होते हे खरे. परंतु तिचे वैचारिक व पत्रकारी केंद्र नागपूरच राहिले. उलटपक्षी १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राची हाक दिली गेली, तेव्हा अध्यक्षस्थानी होते ते ग. त्र्यं. माडखोलकर, म्हणजे नागपूरच्याच 'तरुण भारत'चे संपादक. दोन्ही मागण्यांचे वाङ्मयीन वक्ते एकाच शहरात नांदत होते. पाठिंब्याचा नकाशा आणि प्रदेशाचा नकाशा एकमेकांवर बिनचूक बसत नाहीत, एवढे तरी यावरून स्पष्ट व्हावे.

तिसऱ्या टप्प्याची संज्ञा 'अनुशेष' ही आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४च्या अहवालानंतर ती सार्वजनिक भाषेत रुजली. रस्ते, सिंचन, शाळा, विजेचे पंप यांची मोजणी होऊन सरासरीपेक्षा किती कमी पडले, याचा हिशेब मांडला जाऊ लागला. राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदान्वये १९९४ मध्ये स्थापन झालेले विदर्भ वैधानिक विकास मंडळ याच भाषेत विचार करीत होते. त्याची मुदत २०२० मध्ये संपली. अर्थव्यवहारात ही मोजणी आवश्यकच आहे. परंतु समीक्षेनेही तिचे अनुकरण केले. संमेलनाध्यक्षपदे किती, साहित्य अकादमीचे पुरस्कार किती, पाठ्यपुस्तकांतील वेचे किती, असा वाङ्मयीन अनुशेष मोजला जाऊ लागला. त्यातून अन्यायाची जाणीव व्यक्त होते हे मान्य केले, तरी मोजणीसाठी प्रत्येक साहित्यकृतीचे एका एककात रूपांतर करावे लागते. जे एकक झाले ते वाचले जात नाही.

३

प्रदेश आणि साहित्यगुण यांच्या संबंधाचा प्रश्न भारतीय साहित्यविचाराला नवा नाही. किंबहुना विदर्भाच्या नावानेच तो सर्वप्रथम उपस्थित झाला. वैदर्भी रीतीचे माहात्म्य वैदर्भीय साहित्याच्या कैवाऱ्यांकडून पुष्कळदा सांगितले जाते. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीमला, लावून दिला याचाही अभिमानाने उल्लेख होतो. मात्र रीतिविचाराचा प्रवर्तक असलेल्या वामनाने याच ठिकाणी उपस्थित केलेली शंका फारशी उद्‌धृत होत नाही. एखाद्या देशात विशिष्ट द्रव्य निपजावे तसे काव्यगुण देशामुळे निपजतात काय, असा प्रश्न तो स्वतःच विचारतो आणि त्याचे उत्तर नकारार्थी देतो. विदर्भादी देशांतील कवींच्या ठायी ती रीती दिसून आली, म्हणून तिला ते नाव पडले. देशाने काव्यावर काही उपकार केलेला नाही. त्याच्या आधी भामहाने वैदर्भ आणि गौड हा भेदच गतानुगतिक ठरविला होता. कुंतकाने तर पुढे जाऊन देशवाचक नावेच टाकून दिली. देश अनंत असल्याने रीतीही अनंत मानाव्या लागतील आणि मामेबहिणीशी विवाह हा जसा एखाद्या देशाचा आचार असतो तसे काव्य हा काही देशाचार नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याने सुकुमार, विचित्र आणि मध्यम असे मार्ग मानले, ते कविस्वभावावर आधारलेले.

कुंतकाची भूमिका आज जशीच्या तशी स्वीकारता येणार नाही. आधुनिक कादंबरीचा बोलीशी, शेतीशी आणि ऋतुमानाशी असलेला संबंध संस्कृत महाकाव्याच्या संबंधाहून मूलतः निराळा आहे. वामनाने केलेला भेद मात्र आजही उपयोगी पडणारा आहे. 'येथे दिसले' आणि 'येथल्यामुळे निपजले' ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्या लेखांकात उल्लेखिलेली दोन अर्थांची सरमिसळ नेमकी हीच आहे.

मराठीच्या स्वतःच्या परंपरेतही प्रदेशाची एक विचारपूर्ण मांडणी उपलब्ध आहे आणि तिचा धागा बुलढाणा जिल्ह्यातून जातो. लीळाचरित्राचे संकलन वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. चक्रधरांच्या भ्रमणात लोणार आणि मेहकर ही दोन्ही स्थाने येतात. अनुयायांनी महाराष्ट्रातच राहावे, हा त्यांचा आदेश प्रसिद्ध आहे. या आदेशावरील महानुभाव भाष्यकारांपुढे साहजिकच प्रश्न उभा राहिला की महाराष्ट्र म्हणजे कोणता भूभाग? भाष्याने दिलेले उत्तर लक्षणीय आहे. फलटणपासून दक्षिणेकडे जेथवर मराठी बोलली जाते ते एक मंडळ, बालाघाटाच्या शेवटापर्यंत दुसरे, गोदावरीचे दोन्ही तीर तिसरे, तेथून मेघंकर घाटापर्यंत चौथे आणि पुढचा सारा वऱ्हाड पाचवे, अशी खंडमंडळे सांगून, भाषेत थोडा थोडा पालट असला तरी सर्व मिळून महाराष्ट्रच होतो, असे ते म्हणते. मेघंकर म्हणजे मेहकर.

या मांडणीचे वैशिष्ट्य असे की तिला केंद्र नाही. पाच मंडळांपैकी कोणतेही एक मूळ आणि इतर त्याचे अपभ्रंश, असे भाष्यकार मानत नाही. भेद मान्य आहे, पण तो 'थोडा थोडा' आहे, म्हणजे क्रमाने वाढत जाणारा आहे. सीमा एका रेषेने नव्हे तर घाटाने दाखविली आहे. घाट दोन प्रदेशांना वेगळे करतो आणि त्यांच्यातील येण्याजाण्याची वाटही तोच असतो. संयुक्त महाराष्ट्रवाद्यांना या उताऱ्याचे अखेरचे वाक्य प्रिय होईल, वेगळ्या विदर्भाच्या समर्थकांना त्यातील वऱ्हाडाचे स्वतंत्र मंडळ. संपूर्ण उतारा मात्र दोघांच्याही पदरात पडत नाही.

४

आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील माणूस आपल्या जिल्ह्याचे वर्णन 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असेच करतो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव आणि खामगाव. मोगलकालीन वऱ्हाड सुभ्यातही बालाघाट आणि पायीनघाट असे दोन भाग होते. घाटाखालची काळी जमीन पूर्णेच्या खोऱ्यातील कापसाची. तेथील बोली पश्चिमेकडे जाता जाता खानदेशाच्या वळणाला लागते. घाटावरची बोली दक्षिणेकडे मराठवाड्याच्या बोलीत मिसळते. १९४८ पर्यंत या दक्षिण सीमेपलीकडे हैदराबाद संस्थान होते. एका जिल्ह्याच्या आतच थोडा थोडा पालट असा चालू असताना 'वऱ्हाडी' ही एकजिनसी भाषा आणि 'वैदर्भीय' ही एकजिनसी संवेदना कल्पिणे अवघड आहे.

या जिल्ह्याशी संबंधित लेखकांकडे पाहिल्यास ही अडचण अधिक ठळक होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा जन्म नागपूरचा. त्यांच्या वकिलीचा मोठा काळ खामगाव आणि जळगाव जामोद येथे गेला. १९२७च्या पुणे येथील संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मराठी विनोदाला आणि नाटकाला वळण देणाऱ्या या लेखकाने लिहिलेले 'महाराष्ट्रगीत' पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या भावनेशी एकरूप झाले. ज्याच्यावर निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व होते आणि ज्याचा कारभार इंग्रज पाहत होते, अशा वऱ्हाडात वकिली करणाऱ्या लेखकाने महाराष्ट्राची प्रतिमा शब्दबद्ध करावी, ही घटना दोन्ही बाजूंच्या मांडणीला अडचणीची ठरते. वेगळ्या विदर्भाच्या समर्थकाला ती आपली म्हणता येत नाही. उलट, महाराष्ट्राची प्रतिमा पुण्यामुंबईत घडली आणि परिघावर पोहोचली, असे मानणाऱ्याचेही तिने खंडन होते. प्रत्यक्षात ज्यांचे राजकीय स्थान अनिश्चित होते अशा काठांवरच या प्रतिमेची गरज अधिक तीव्र होती, असे म्हणता येईल.

चिखलीच्या पंढरीनाथ सीताराम पाटलांनी १९२७ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांचे चरित्र प्रसिद्ध केले. फुले यांच्या पहिल्या समग्र चरित्राचे श्रेय या ग्रंथाकडे जाते. पुण्यात घडलेल्या चळवळीची स्मृती ग्रंथबद्ध करण्याचे काम वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावातून व्हावे, याचा अर्थ असा की सत्यशोधक विचाराच्या अभिसरणाचा भूगोल प्रांतांच्या भूगोलाहून निराळा होता. चिखली ते पुणे ही वाट नागपूरवरून जात नव्हती. समाजपरिवर्तनाच्या चळवळींना लाभलेला प्रादेशिक पाठिंबा आणि राज्याच्या मागणीला लाभलेला पाठिंबा, या दोहोंचे आलेख एकाच कागदावर मांडले तरच वऱ्हाडच्या सांस्कृतिक इतिहासाचा अन्वय लागेल.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाली आणि मराठी भावगीताच्या इतिहासाचा ती आरंभबिंदू मानली जाते. पुढे 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. देशपांडे यांच्या कवितेत रान, पाऊलवाटा आणि ग्रामीण प्रेमानुभव आहेत. तिची लय लोकगीताला जवळची आहे. तिची भाषा मात्र बोलीचा आग्रह धरीत नाही. ती ऐकणाऱ्या कोल्हापूरच्या वा मुंबईच्या श्रोत्याने हे रान कोणत्या प्रांतातले, असे विचारले नाही. समीक्षक त्यांना 'वैदर्भीय कवी' म्हणतो तेव्हा तो त्यांचा पत्ता सांगत असतो, कवितेविषयी त्याने अद्याप काहीच सांगितलेले नसते. मेहकरच्या माळाचे या लयीशी काही नाते असेल तर ते कवितेच्या छंदोरचनेतून, ध्वनिरूपातून दाखवावे लागेल. ते काम 'वैदर्भीय' हे विशेषण परस्पर उरकून टाकते.

५

कादंबरीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. कादंबरीला निवेदक असतो, पात्रे असतात आणि त्यांच्या भाषांमध्ये सत्तासंबंध असतो. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिचा परिसर अमरावतीकडचा आहे, तथापि वऱ्हाडातील कादंबरीच्या भाषिक व्यवस्थेचा विचार तिच्यापासूनच सुरू करावा लागतो. कौतिकच्या संसाराची ही होरपळ मराठीतील थोर शोकात्म कथनांपैकी एक आहे. तिच्या रचनेत एक स्पष्ट विभागणी दिसते. पात्रे वऱ्हाडीत बोलतात. निवेदन, त्यात बोलीतील शब्दांची पेरणी असली तरी, प्रमाण मराठीच्या चौकटीत चालते. बोली अवतरणचिन्हांच्या आत आहे आणि अवतरणचिन्हांबाहेरची सूत्रे प्रमाणभाषेकडे आहेत.

ही व्यवस्था मराठी ग्रामीण व प्रादेशिक कादंबरीत सर्वत्र आढळते, म्हणून ती नैसर्गिक वाटते. वस्तुतः तो एक करार आहे आणि त्याचे कलम नागपूर कराराच्या कलमांशी समांतर आहे. प्रदेशाला वर्षातून एक अधिवेशन. बोलीला परिच्छेदामागे काही ओळी. प्रदेशाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. बोलीला पात्रांच्या प्रमाणात. दोन्ही ठिकाणी संरक्षण आहे, आत्मीयताही आहे; परंतु अर्थ लावण्याचा आणि निर्णय देण्याचा अधिकार अन्यत्र ठेवला आहे. 'प्रादेशिक कादंबरी' या संज्ञेतही हीच विभागणी लपलेली आहे. सदाशिव पेठेत घडणाऱ्या कादंबरीला कोणी प्रादेशिक म्हणत नाही. शेळके यांच्या प्रतिभेचे सामर्थ्य असे की त्यांनी या कराराच्या आत राहून कौतिकच्या बोलण्याला असा अर्थभार दिला की निवेदन हळूहळू तिच्यापुढे दुय्यम वाटू लागते. करार मोडला नाही. पण तो पुरेसा नाही हे वाचकाला जाणवते.

पुरुषोत्तम बोरकर यांच्या 'मेड इन इंडिया'ने (१९८७) हा करार उघडपणे नाकारला. बोरकर खामगाव परिसरातले. या कादंबरीत वऱ्हाडी संवादातून निघून निवेदनात येते आणि तेथे ठाण मांडते. राजकीय भाषेत बोलायचे तर बोलीने येथे आपले वेगळे राज्य मिळविले आहे. पण या राज्याची भाषा कोणत्या घटकांनी बनली आहे? शुद्ध, आदिम, मातीतल्या वऱ्हाडीचा येथे शोध नाही. शीर्षकापासूनच इंग्रजी आत शिरलेली आहे. निवडणुका, योजना, सिनेमा आणि वर्तमानपत्रे यांच्या शब्दांनी ही बोली भरून वाहते. गावचा पाटील इंग्रजी शब्दांना वऱ्हाडी उच्चाराच्या चरकातून काढतो, तेव्हा विनोद दोन्ही दिशांनी होतो: शब्दही हास्यास्पद ठरतो आणि तो वापरणाराही. स्वायत्त झालेली बोली अशी संमिश्र आहे, स्वतःलाच हसणारी आहे. अस्मितेच्या राजकारणाला जी गंभीर, एकसंध, पुरातन बोली हवी असते ती येथे सापडत नाही. म्हणूनच बहुधा 'वैदर्भीय साहित्या'च्या गौरवपर लेखनात या कादंबरीचे नाव येते, विवेचन क्वचितच.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) चिखली तालुक्याच्या परिसरातून आली आणि २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरली. उच्चशिक्षित पण बेकार एकनाथ, त्याचा भाऊ मधू, शेतीत उभी हयात घालविलेले वडील सुभानराव आणि शहरी अपेक्षा घेऊन आलेली पत्नी अलका यांच्या परस्परसंबंधांतून शेतीव्यवस्थेची पडझड येथे उलगडते. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या चर्चाविषय झालेल्या काळात ही कादंबरी वाचली गेली. साहजिकच ती विदर्भावरील अन्यायाचे प्रमाणपत्र म्हणून वापरली गेली. हे वाचन कादंबरीला कितपत न्याय देते?

कादंबरीतील तक्रार कोणाला उद्देशून आहे, हे पाहिले पाहिजे. अनुशेषाच्या भाषेत तक्रारीचा रोख पश्चिम महाराष्ट्राकडे असतो. 'बारोमास'मध्ये मात्र तो सतत सरकतो. तो पावसाकडे जातो, बाजारभावाकडे जातो, नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या शिक्षणव्यवस्थेकडे जातो, घरातल्या घरात एकमेकांकडे जातो. एकनाथाला नाडणारी माणसे पुण्याची नाहीत. ती त्याच्याच परिसरातली, त्याच्याच बोलीत बोलणारी आहेत. वाद येथे प्रदेशाप्रदेशांत नसून गाव आणि शहर, शिक्षण आणि शेती, बाप आणि मुलगा यांच्यात आहे. या अर्थाने कादंबरी प्रादेशिक मागणीला नकार देत नाही आणि पाठिंबाही देत नाही. ज्या दुःखावर ती मागणी उभी आहे त्या दुःखाची अंतर्गत रचना ती दाखविते. वऱ्हाडच्या वादाचा आरंभ गहाणाच्या दस्तऐवजांतून झाला हे येथे स्मरणीय आहे. तेथे सारा प्रांत कर्जापोटी हवाली झाला आणि त्यातला माणूस मुका होता. येथे कर्जाखाली दबलेला माणूस बोलतो आहे. त्याचे बोलणे पुन्हा 'विदर्भ' या एका कर्त्याच्या तोंडी घालणे म्हणजे त्याला नव्या संहितेत मुका करणे होय.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रमाणभाषा, प्रकाशनव्यवसाय आणि समीक्षा यांची सूत्रे पुण्यामुंबईकडे राहिल्याने वऱ्हाडातील लेखकाला पृथक जाणीव व्यक्त करण्याचा अवसरच मिळाला नाही. तेव्हा साहित्यात ती दिसत नाही हा तिच्या अभावाचा पुरावा नसून दडपणुकीचा पुरावा आहे, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. अमरावतीला १९२३ मध्ये विदर्भ साहित्य संघ स्थापन करावासा वाटला, किंवा १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्वतंत्र झाल्यावर स्थानिक लेखकांच्या अभ्यासाला चालना मिळाली, यामागे हीच गरज होती. 'वैदर्भीय साहित्य' या संज्ञेने अनेक उपेक्षित नावे वाचविली, हेही कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तेलंगणाची तुलना येथे उद्बोधक ठरते. १९५५च्या त्याच आयोगाने हैदराबाद संस्थानातील तेलुगू भाग काही काळ स्वतंत्र ठेवावा असे सुचविले होते. तेही मानले गेले नाही. तेलंगणा राज्य अखेर २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. दोन्ही मागण्या एकाच भाषेच्या अंतर्गत आहेत. परंतु तेलंगणाच्या चळवळीत बोली आणि गीत यांना केंद्रस्थान होते. काळोजी नारायणराव यांनी लोकांच्या बोलीचा जो पुरस्कार केला तो चळवळीने आपला मानला आणि राज्यस्थापनेनंतर त्यांचा जन्मदिन, ९ सप्टेंबर, तेलंगणा भाषादिन म्हणून साजरा होऊ लागला. विदर्भाच्या मागणीने मात्र मुख्यतः आकड्यांची भाषा वापरली. वऱ्हाडी ही अकोला, अमरावती, बुलढाण्याची. पूर्वेकडे झाडीबोली आहे, गोंडी आहे, नागपुरात हिंदीचा मोठा प्रभाव आहे. वऱ्हाडीला विदर्भाची भाषा म्हणायचे तर पूर्व विदर्भाला अवतरणचिन्हांत टाकावे लागते. ज्या केंद्रीकरणाविरुद्ध तक्रार आहे त्याचीच पुनरावृत्ती नव्या सीमेच्या आत होते. बुलढाण्याची घाटावरची बोली अशा विदर्भातही काठावरच राहील.

तेव्हा दडपणुकीचा आक्षेप मान्य करूनही तिच्यावरील उपाय म्हणून दुसरी एकजिनसी कोटी उभारणे सयुक्तिक ठरत नाही. 'वैदर्भीय' हे विशेषण निष्कर्ष म्हणून यावे, गृहीत म्हणून नव्हे. कोल्हटकरांच्या गद्यात वऱ्हाडच्या वास्तव्याची खूण कोठे आहे. देशपांडे यांच्या लयीचे मेहकरच्या लोकगीतांशी नाते काय. बोरकर आणि देशमुख एकाच जिल्ह्याचे असूनही घाटाखालची आणि घाटावरची बोली त्यांच्या वाक्यरचनेत कोणता फरक घडविते. देशमुख यांची भाषा शेजारच्या जालन्याकडील लेखकांच्या भाषेला अधिक जवळची आहे की अमरावतीच्या शेळके यांना, हे प्रश्न प्रबंधांतून अद्याप पुरेसे विचारले गेलेले नाहीत. त्यांची उत्तरे मिळवायची तर जिल्ह्याच्या, विभागाच्या आणि विद्यापीठाच्या हद्दी ओलांडून वाचावे लागेल. आजची अभ्यासपत्रिका विद्यार्थ्याला त्या हद्दीच्या आत राहण्याचीच सवय लावते.

विदर्भ राज्य व्हावे की न व्हावे, हा निर्णय तेथील जनतेने आणि विधिमंडळांनी करावयाचा आहे. तो कोणत्याही दिशेने झाला तरी या कादंबऱ्यांतील आणि कवितांतील प्रदेश त्यामुळे पूर्णही होणार नाही, खंडितही होणार नाही. कारण तो प्रदेश हद्दींनी नव्हे तर पालटांनी बनलेला आहे. महानुभाव भाष्यकाराने वऱ्हाडाचे मंडळ वेगळे सांगितले, ते महाराष्ट्रात गणले आणि या दोन विधानांत त्याला विसंगती वाटली नाही. त्याचे कारण त्याने भाषा मंडळागणिक ऐकली होती. मराठी समीक्षेने वऱ्हाडच्या साहित्याविषयी काही म्हणण्यापूर्वी तेवढे ऐकणे तिच्याकडून अपेक्षित आहे.